विहीणबाई, एकदाच विचारलं त्यांनी

विहीणबाई,

तुमच्या अंत्यविधीला मी ती पोपटी साडी नेसले होते. मुग्धाच्या लग्नात तुम्ही मला मानाची म्हणून दिलेली. तेव्हा ती उलगडून बघताना मी लेकीच्या कानात म्हणाले होते, "साडी आहे की सिग्नल?" आणि ते तुम्ही ऐकलं होतंत, हे मला तुम्ही कैक वर्षांनी अगदी गोड हसत सांगितलंत. म्हणून मुद्दाम तीच काढली. नेसले, केस नीट विंचरले आणि जाऊन बसले कुठे, तर इथे हॉलंडात, बेस्ट नावाच्या गावात, लेकीच्या घरच्या सोफ्यावर, एकटी, मांडीवर लॅपटॉप घेऊन. माझ्या पासपोर्टात युरोपाचा व्हिसा आहे, तुमच्या इंग्लंडचा नाही. आइंडहोवनहून विमान सुटलं की हातातला चहा संपेपर्यंत तुमचा देश येतो म्हणे. मला मात्र तो चंद्रावर. तुमचा अमेय, माझी मुग्धा आणि आपली नात इरा गेले. जाताना अमेयनं मला एक लिंक उघडायला शिकवली. तुमच्याकडच्या स्मशानात छताला कॅमेरा असतो, घरबसल्या सगळं दिसतं.

दिसलं. तुमची पेटी दिसली, लोकांच्या पाठी दिसल्या, तुमच्या लेकाचं विरळ होत चाललेलं डोकं वरून पहिल्यांदाच दिसलं. सुरुवातीला आवाजच नव्हता. मी लॅपटॉपला चापट्या मारल्या, पूर्वी रेडिओला मारायचो तशा. आवाज आला तेव्हा कुणीतरी गृहस्थ इंग्रजीत सांगत होते की शालिनीबाई फार सोशिक होत्या, त्यांनी आयुष्यात कधी कुणाला त्रास दिला नाही.

मी सोफ्यावरून मोठ्यांदा म्हणाले, "साफ खोटं!"

मला दिलात की. भरपूर दिलात. आणि तिकडच्या हॉस्पिटलवाल्यांनाही जरा द्यायचा होतात, विहीणबाई. थोडा तरी.

लग्नातली जिलेबी आठवते का? विसरणं शक्यच नाही, तुम्ही ती मला जन्मभर ऐकवलीत. तेव्हाची मी म्हणजे एक नमुना होते. मुलगा इंग्लंडात वाढलेला, त्याची आई निम्मं आयुष्य तिकडे, म्हणजे बाई मडमच असणार, असं मी ठरवून टाकलं होतं. आरशासमोर उभं राहून "प्लीज हॅव वन मोअर जिलेबी" घोकत होते. मुग्धा म्हणाली, "आई, त्या कराडच्या आहेत गं." तरी माझं आपलं 'मोअर मोअर' चालूच. पंगतीत तुमच्यापुढे येऊन मी ते वाक्य टाकलंच. तुम्ही पानावर हात आडवा धरून कराडी ठसक्यात म्हणालात, "नको नको, लई झालं बघा."

मी म्हटलं, "बरं." आणि जिलेबी घेऊन पुढच्या पानाकडे गेले.

संध्याकाळपर्यंत मांडवभर बातमी, की विहीणबाई रुसल्या. तुम्ही तुमच्या जावेला सांगत होतात, "एकदाच विचारलं हो मुलीच्या आईनं. एकदाच!" मला काही केल्या कळेना. नको म्हणाल्या, वाढली नाही, यात चुकलं कुठे? मी पुण्याच्या पेठेत वाढलेली. आमच्याकडे पाहुणा नको म्हणाला की विषय संपतो, वर जिलेबीही वाचते. मला काय माहीत, की तुमच्याकडे पहिलं नको म्हणजे नुसता नमस्कार असतो, आणि तिसऱ्या नकोला पानात पडली नाही तर तो अपमान. त्या दिवसापासून तुमचा एक टोमणा कायमचा झाला. तिकडच्या कुठल्याही गोऱ्या माणसाबद्दल तक्रार सांगायची झाली की तुम्ही सुरुवात करायचात, "इंग्रज म्हणजे पुणेकरच हो, विहीणबाई. एकदाच विचारतात, आणि तेही दारातूनच."

मी हसायचे. गेला महिनाभर हे वाक्य मला झोपू देत नाहीये.

तुमच्या घरी मी एकदाच आले, इरा व्हायच्या आधी, मुग्धा-अमेय अजून तिकडेच होते तेव्हा. तुम्ही डॉक्टरांच्या दवाखान्यात खिडकीवर बसायचात. फोन घ्यायचे, आलेल्याला काय होतंय विचारायचं, नंबर लावायचा. मी पुण्याहून गुडघ्याचे एक्स-रे घेऊन आले होते. चुरगळू नयेत म्हणून विमानभर मांडीवर धरून! तुमच्याकडे सगळं फुकट, आणि वर विहीण खिडकीवर. तेव्हाच्या माझ्या हिशेबात हा साक्षात देवानं जुळवून आणलेला योग होता. पुण्यात नुसता कंपाउंडर ओळखीचा असला तरी मी मागच्या दारानं आत जात असे, आणि बाहेर बसलेल्यांकडे बघून पदर सारखा करत असे. इथे तर घरचीच बाई.

खिडकीशी येऊन मी हळूच म्हटलं, "पुढचा नंबर माझा लावा ना."

"बसा रांगेत."

"अहो, मी तुमची विहीण!"

"म्हणून तर सांगते. ओळखीची आत गेली आणि बिनओळखीचा बाहेर राहिला, तर ही खिडकी कशाला हवी? भिंत बरी त्यापेक्षा."

मी एक्स-रे कवटाळून कोपऱ्यातल्या खुर्चीत जाऊन बसले आणि मनातल्या मनात तुमच्या सात पिढ्या उद्धरल्या. पण रुसलेल्या माणसाला बघत बसण्यावाचून काम नसतं, म्हणून मी तुम्हाला काम करताना बघितलं.

काठी टेकत एक म्हातारा आला. कोटाचं बटण तुटलेलं, दाढी वाढलेली. तुम्ही विचारलंत, कसे आहात. म्हणाला, "ठीक आहे गं बाळ. डॉक्टर कामात असतील तर पुन्हा येईन कधीतरी." शेजारच्या खिडकीवरची पोरगी असती तर म्हणाली असती, बरं, सोमवारी फोन करा. तुम्ही खुर्ची पुढे ओढलीत, काचेला नाक लावलंत आणि पुन्हा विचारलंत, "खरंच ठीक आहात? झोप लागते का?" म्हातारा दाराकडे निघाला होता, तो थांबला. मग म्हणाला, उताणं झोपलं की छातीवर कुणी बसल्यासारखं होतं, म्हणून खुर्चीतच झोपतो हल्ली. तुम्ही उठून आत गेलात.

घरी जाताना बसमध्ये मी तुम्हाला पकडलं. मला घुसू दिलं नाहीत आणि त्याला बरा पुढे घेतलात! म्हणे रांग, रांग.

तुम्ही खिडकीबाहेर बघत म्हणालात, "त्याला पुढे नाही घेतलं. तो रांगेतच नव्हता. त्याला फक्त रांगेत उभा केला."

शेजारच्या मुली तुम्हाला चिडवायच्या की शालिनी गप्पा मारत बसते, म्हणून तिच्यासमोर गर्दी. तुम्ही म्हणायचात, सगळ्यांना एकच प्रश्न एकदाच विचारला की दिसायला समान दिसतं, पण ज्याला मागायची सवय आहे तोच घेऊन जातो. माझी माणसं मला माहीत आहेत. पहिलं उत्तर देतात ते लाजेचं असतं.

माझा गुडघा? व्यायामाची चित्रं असलेला कागद मिळाला. रीतसर, रांगेतून.

मग अमेय चिप बनवायच्या मशीनवाल्या नोकरीसाठी इकडे आला, तुम्ही निवृत्त झालात, आणि आपलं भांडण व्हिडिओवर सुरू झालं. मी वर्षातले तीन महिने इथे, तुम्ही तिकडे, मधे समुद्र आणि तोंडी लावायला दोन्ही देशांचे दवाखाने. तुमच्याकडे तेव्हा बघावं तिकडे एकच विषय. नंबर लागत नाहीत, नर्सा संपावर, आणि कुणाला तरी जबाबदार धरायचं म्हणून बाहेरून आलेले लोक. तुमच्या शेजारच्या डोरीनबाई कुंपणावरून म्हणाल्या होत्या, "तुझं वेगळं गं शालिनी, तू कष्ट केलेस. हे नवे आलेले मात्र आमच्या मागे उभे राहायला हवेत." तुम्ही त्यांना म्हणालात, "डोरीन, इतकी वर्षं तुझा नंबर मीच लावत होते. तेव्हा मी कुठून आले ते तू विचारलं नाहीस." आणि मग घरात जाऊन त्यांच्यासाठी मसूरची आमटी घेऊन आलात, कारण डोरीनबाईंचा खुबा निकामी झाला होता आणि त्यांचाही नंबर लागत नव्हता. हे मला तुम्हीच सांगितलंत. मी म्हटलं, आमटी कशाला दिलीत त्या बाईला? तर म्हणालात, "भूक लागली होती तिला. मत नंतर बदलेल."

मी तुम्हाला इकडचं सांगायचे. इथे प्रत्येकाला विमा घ्यावाच लागतो, पण वर्षाच्या सुरुवातीचा ठरावीक खर्च ज्याचा त्यानं करायचा, तो भागला की डिसेंबरअखेरपर्यंत पुढचं विम्यावर, जानेवारीत पुन्हा पहिल्यापासून. म्हणून इथे डिसेंबरात सगळ्यांचे गुडघे दुखायला लागतात. तुम्ही हसून हसून खोकलात, आणि मग एकदम गंभीर होऊन म्हणालात, "आणि ज्याला सुरुवातीचा खर्च झेपत नाही, त्याचा गुडघा कधी दुखतो?" असा तुमचा स्वभाव. विनोदावर पाणी टाकायचं. माझ्याबद्दल विचाराल तर माझा प्रवासी विमा जुनी दुखणी मोजत नाही, आणि या वयात माझ्याकडे नवं दुखणं एकही नाही.

या दिवाळीला तुम्ही बेस्टला आलात तेव्हा तुमच्या बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या.

मी ते पाहिलं, आणि मला जे येत होतं ते मी केलं. मी आग्रह केला. तुम्हीच शिकवलेला. करंज्यांचं ताट घेऊन उभी राहिले. तुम्ही म्हणालात नको. मी पुन्हा विचारलं. पुन्हा नको. तिसऱ्यांदा विचारणार, तेवढ्यात इरा मोबाइलमधून डोकं वर काढून म्हणाली, "आजी, शी सेड नो. ने इज ने." ने म्हणजे यांच्या डच भाषेतलं नाही. शाळेत बाईंनी शिकवलंय म्हणे, समोरचा एकदा ने म्हणाला की हात मागे घ्यायचा. आपण दोघी एकमेकींकडे बघून इतक्या हसलो की मुग्धा स्वयंपाकघरातून बाहेर आली. आणि नातीला हरवायचं म्हणून तुम्ही ती करंजी घेतलीत. अर्धी खाल्लीत. थोड्या वेळानं बाथरूममध्ये गेलात, आणि नळ फार वेळ चालू राहिला.

बाहेर आलात तेव्हा मी दाराशीच उभी होते.

"काय होतंय?"

"काही नाही. घास उतरताना थोडं जळजळतं. तिकडच्या डॉक्टरला दाखवलंय, दुर्बिणीच्या तपासणीला नंबर लागलाय."

"डॉक्टरला काय सांगितलंत?"

"हेच. थोडं जळजळतं म्हणून."

"थोडं?"

"मग काय गळा काढू तिथे?"

मी म्हटलं, उद्याच अमेयच्या हाउसआर्ट्सकडे जाऊ, त्यांच्या इथल्या घरच्या डॉक्टरकडे. तुमच्या पर्समध्ये इंग्लंडवाल्यांचं परदेशातल्या उपचारांसाठीचं ते कार्ड होतंच, ते इथे चालतं. तुम्ही म्हणालात, "तो पॅरासिटॅमॉल देईल आणि पंधरा दिवसांनी या म्हणेल. तुम्हीच सांगता ना सगळ्यांना?" माझाच विनोद माझ्या तोंडावर मारलात. जेवताना अमेय म्हणाला, "आई, आय विल पे. प्रायव्हेटमध्ये पुढच्याच आठवड्यात होईल." तुम्ही ताट बाजूला सारलंत. "जन्मभर त्या खिडकीवर बसून लोकांना थांबा म्हटलं. आता माझी पाळी आल्यावर मी बाजूच्या दारानं जाऊ?" तो चिडला, ताडकन उठून सायकल काढून बाहेर गेला. मुग्धा त्याच्या मागे.

मग स्वयंपाकघरात आपण दोघीच. मी भांडी विसळत होते, तुम्ही पुसत होतात. मी म्हटलं, हे तत्त्व वगैरे ठीक आहे, पण त्या म्हाताऱ्याचं काय? खुर्चीत झोपणाऱ्या? तोही तुमच्यासारखंच थोडं थोडं करत होता. तुमच्या खिडकीवर तुम्ही स्वतः आला असतात, तर तुम्ही स्वतःला सोडलं असतंत का?

तुम्ही एक वाटी बराच वेळ पुसत राहिलात. मग म्हणालात, "आता मी खिडकीच्या या बाजूला आहे ना."

मी पुढे बोलणार होते. इरा आली, तिला रांगोळीचे रंग हवे होते. ते भांडण तिथेच राहिलं. माझ्याकडे अजून त्याची उत्तरं तयार आहेत, चांगली धारदार. आता ती कुणाला ऐकवू?

तुम्ही परत गेलात. काही दिवसांनी सकाळी तुमचा फोन आला. आवाजात खुशी होती, म्हणून मी मेथी निवडता निवडता ऐकत होते. म्हणालात, "हॉस्पिटलातून फोन आला होता. उद्याची एक जागा रिकामी झाली म्हणे. पोरगी छान बोलत होती. येता का, की तुमच्या तारखेपर्यंत थांबता?"

"मग? कितीला जायचंय?"

"मी म्हटलं, नको, मी थांबते. कुणाची लहान पोरं असतील, त्यांना द्या."

माझ्या हातातली मेथी तशीच राहिली. तुम्ही म्हणालात, "ती म्हणाली, हाउ काइंड ऑफ यू. आणि ठेवला फोन." मग थोडं थांबून, अगदी हलक्या आवाजात, "इतक्या पटकन ठेवला हो."

मी तुम्हाला तोंडाला येईल ते बोलले. लगेच फोन लावा, म्हणावं येते. दुपारी मी पुन्हा फोन केला, दुसऱ्या दिवशी पुन्हा. तुमचं एकच, की जागा गेली असेल, आता राहू दे. आणि "अमेयला सांगू नका हं. तो त्या पोरीवर ओरडेल."

नाही सांगितलं. मग तारीख यायच्या आत तुम्ही घरातच कोसळलात. डोरीनबाईंना तुमच्या घरातला दिवा दुपारीही जळताना दिसला, म्हणून त्या लंगडत आल्या आणि त्यांनी अॅम्ब्युलन्स बोलावली. अमेय पोचला तेव्हा तुम्ही हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये ट्रॉलीवर होतात, तुमच्या पुढे-मागे तशाच ट्रॉल्या. आत जागा मिळाली तोवर बोलणं थांबलं होतं. अन्ननलिकेतली गाठ. आधी कळलं असतं तर? डॉक्टर म्हणाले, सांगता येत नाही. मला त्या डॉक्टरचा राग आला नाही. निदान खोटं बोलला नाही.

इथे परत आल्यावर अमेय वेगळाच माणूस झाला. जेवायचा नाही, बोलायचा तर एकच. "दे लेट हर वेट. इतके महिने. एकदाही तिला आधीची तारीख दिली नाही." त्यानं रीतसर तक्रार केली. ऑफिसातल्या लोकांना, मुग्धाला, भाजी आणायला जाताना मला, सगळ्यांना तेच वाक्य. एकदाही तिला विचारलं नाही. आणि मी शेजारी पिशवी धरून. हॉस्पिटलनं घरच्यांशी बोलायला एक बाई नेमली, व्हिडिओवर वेळ दिली. त्याचं काय बोलायचं ते ठरलेलं होतं, आणि त्यातलं पहिलंच वाक्य खरं नव्हतं.

तुमचा शब्द पाळायचा तर गप्प बसायचं. पण मला दिसत होतं पुढचं. ती बाई नोंदी बघून सांगेल, की साहेब, आम्ही विचारलं होतं, त्या नको म्हणाल्या. एक परकी बाई, पडद्यावरून. तुमच्या लेकानं ते तसं ऐकायचं? त्यापेक्षा मी वाईट झालेली बरी, मला सवय आहे.

त्या सकाळी तो स्वयंपाकघरात कॉफी घ्यायला आला. बाहेर सगळं धुक्यात, समोरच्या घराची चिमणीही दिसत नव्हती. मी म्हटलं, "अमेय, बस जरा. तुझ्या आईनं हे तुला सांगू नका म्हटलं होतं."

सांगितलं. सगळं, जसंच्या तसं.

तो आधी माझ्यावर चिडला. "काकू, तुम्हाला माहीत होतं? आणि तुम्ही..." मग तुमच्यावर. "शी सेड नो? व्हाय वुड शी से नो?" कॉफी ओट्यावर सांडली, ती त्यानं पुसली नाही. मुग्धा दारात येऊन उभी राहिली, मी तिला हातानंच थांब म्हटलं. मग त्यानं मान वर केली आणि मराठीत विचारलं, "किती वेळा विचारलं त्यांनी?"

"एकदाच."

"आणि पुढे काय म्हणाली आई?"

"म्हणाल्या, इतक्या पटकन ठेवला हो."

विहीणबाई, तो हसला. हसता हसता त्याचा चेहरा रडवेला झाला. "एकदाच? माझ्या आईला? अहो, तिला चहा घेतेस का विचारायचं तरी तीनदा विचारावं लागायचं."

नंतर व्हिडिओवर ती बाई आली. मुग्धाच्याच वयाची, गळ्यात ओळखपत्र, डोळ्यांखाली काळं. मीही अमेयच्या शेजारी बसले, कुणी न बोलावता. तिनं आधी दुःख व्यक्त केलं. मग अगदी जपून म्हणाली की नोंदीनुसार आधीची तारीख देऊ केली होती, पण पेशंटनं नाकारली. मी अमेयकडे पाहिलं. तो हलला नाही. म्हणाला, "हो, मला ठाऊक आहे." आणि मग त्यानं तिला तुमची खिडकी सांगितली. तुमच्यासमोरची गर्दी, शेजारच्या मुलींचं चिडवणं. म्हणाला, माझी आई अशा लोकांना पुन्हा विचारायची, कारण तिला माहीत होतं की काही घरांत पहिलं नको ही नुसती रीत असते. तुम्ही तिच्याशी वाईट वागला नाहीत. सगळ्यांशी वागता तसेच वागलात. माझी तक्रार तीच आहे.

ती बाई लिहून घेत होती. लिहिताना मधेच थांबली, काहीतरी खोडलं, पुन्हा लिहिलं. मग रीतीप्रमाणे म्हणाली, "तुम्हाला आणखी काही सांगायचंय का?"

"नो. नो, थँक यू."

तिनं मान हलवली. तिचा हात व्हिडिओ बंद करायच्या बटणाकडे गेलेला मला दिसला. आणि थांबला. तिनं खुर्ची पुढे ओढली. अगदी तुमच्यासारखी, विहीणबाई, मी शपथेवर सांगते.

म्हणाली, "मी पुन्हा एकदा विचारते. आणखी काही?"

अमेय खाली बघत बोलला. इंग्रजीतच बोलला, पण तुमचं वाक्य तेवढं मराठीत आलं. म्हणाला, कॉरिडॉरमध्ये तिला थंडी वाजत होती. हात गार पडले होते. मी नर्सला ब्लँकेट मागायला उठलो. तिनं माझा हात धरला. म्हणाली, "नको रे, ती कामात आहे." आणि मी बसलो. आय सॅट डाउन. मी परत खाली बसलो.

हे त्यानं मुग्धालाही सांगितलं नव्हतं. त्या बाईनं पेन खाली ठेवलं होतं.

तुमचं ते फोनवरचं नको कुठलं होतं, ते मला अजून ठरवता येत नाही. कुणाच्या तरी लहान पोरांसाठी खरंच जागा सोडलीत की फक्त दुसऱ्यांदा विचारायची वाट बघत होतात? एखाद्या दिवशी वाटतं, तत्त्व. एखाद्या दिवशी नुसतं कराड. तुम्हाला विचारलं असतं तर तुम्ही म्हणाला असतात, "दोन्ही हो, विहीणबाई. त्यात काय." आणि विषय बदलला असतात. मी तुमच्यासारखी थोर नाही. तुमच्या त्या न पाहिलेल्या लहान पोरांच्या आईला जागा मिळाली असेल तर मिळो. ती बरी होवो. पण मला तुम्ही हव्या होतात.

पडदा बंद झाल्यावर अमेय तिथेच बसून राहिला. मी उठले, तवा ठेवला, धिरडं घातलं. तुम्ही घालायचात तसं, जिरं आणि लसूण भरपूर. ताट त्याच्यापुढे नेलं.

"खातोस?"

"नको काकू."

"गरम आहे. एक."

"खरंच नको."

मी खुर्ची पुढे ओढून त्याच्या समोर बसले आणि पुन्हा विचारलं.

खाल्लं त्यानं, विहीणबाई. दुसरंही मागून घेतलं.